शहरात मोठी आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरली तर तिथल्या लोकांचा फायदा होतो का?
होतो, पण सगळ्यांचा नाही. दिल्लीचंच घ्या. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी मेट्रो नोएडा-गुडगावला पोचली, विमानतळाचं टी-३ टर्मिनल उभं राहिलं, लो-फ्लोअर बसगाड्या वाढल्या. स्पर्धा बारा दिवसांत आटोपली, मेट्रोत आजही रोज गर्दी असते. (मेट्रो तशीही होणारच होती म्हणा, तारखेच्या धाकाने कामं वेळेत उरकली.) पण त्याच वेळी झोपड्या हटवल्या, फेरीवाले-भिकारी नजरेआड केले आणि पुढे घोटाळ्याच्या चौकश्या चालल्या. त्या झोपडीवाल्याला टी-३ चं काय कौतुक?

कॅनडातल्या मॉन्ट्रियलची तर कमालच. १९७६ च्या ऑलिम्पिक स्टेडियमचं कर्ज फिटायला २००६ उजाडलं, त्यासाठी तंबाखूवर खास कर होता. ऑलिम्पिकच्या वर्षी जन्मलेली पोरं तोवर तिशीला आली! स्पेनमधल्या बार्सिलोनाला १९९२ च्या ऑलिम्पिकमुळे समुद्रकिनारा परत मिळाला, त्याचे गोडवे सगळेच गातात. आता तिथले रहिवासी पर्यटकांच्या लोंढ्याने आणि घरभाड्याने वैतागलेत.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे. तिथे राहत असाल तर आत्ताच विचारा: स्पर्धेनंतर स्टेडियमच्या देखभालीचा खर्च कोणाच्या माथी, आणि संध्याकाळी आपली पोरं तिथे खेळू शकणार का?