१८६४ आणि १९६५ यांच्यात अडकलेल्यांसाठी

तुमचा प्रश्न असा: १८६४ साली पोप नववे पायस यांनी धर्मस्वातंत्र्याचा दावा धिक्कारला, १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, तो हक्क मान्य केला, मग चुकलं कोण? आणि श्रद्धा न सोडता धर्मनिरपेक्ष कायदा मानायचा कसा? याच जागी मीही बराच काळ अडकलो होतो, म्हणून लांबण लावतोय. मी धर्मशास्त्राचा पदवीधर नाही, हे आधीच सांगतो.

घोळ होतो तो 'हक्क' या एका शब्दाने. 'दिग्नितातिस हुमाने', म्हणजे परिषदेचं धर्मस्वातंत्र्यावरचं १९६५ चं घोषणापत्र, वाचून मी समजलो की सगळे धर्म सारखेच खरे असं परिषदेने ठरवलं. तसं त्यात कुठेही नाही. परिच्छेद २ मधला हक्क म्हणजे बळजबरीपासून संरक्षण: धर्माच्या बाबतीत सदसद्विवेकाविरुद्ध वागायला कुणी भाग पाडू नये आणि योग्य मर्यादेत त्याप्रमाणे वागायला कुणी अडवू नये. हा हक्क माणसांच्या सत्तेसमोर आहे, देवासमोर नाही. खऱ्या धर्माबाबतचं माणसाचं आणि समाजाचं नैतिक कर्तव्य परिच्छेद १ ने जसंच्या तसं ठेवलंय. सत्य न शोधणाऱ्याचाही हक्क जात नाही, कारण तो मतावर नाही, माणसाच्या प्रतिष्ठेवर उभा आहे.

ज्या ठिकाणी मार्गदर्शन मागितलं तिथे उत्तर मिळालं, 'जुनं विसरा, आता नवं चालतं.' सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं. जुनं असं फेकता येत असेल तर नव्यावर तरी भरवसा का ठेवायचा? श्रद्धेच्या प्रश्नाला असं वाटेला लावणं मला आजही पटत नाही.

जुनं वाचायचं तर नीट वाचा. 'सिलॅबस' म्हणजे नवव्या पायस यांची १८६४ ची चुकीच्या मतांची यादी; तिच्यात धिक्कारलेली ८० विधानं आहेत आणि ती ज्या भाषणांतून, पत्रांतून घेतली त्यांचे संदर्भही दिलेत. ७८ वं विधान (काही कॅथलिक देशांत राहायला आलेल्यांना आपापली उपासना उघडपणे करू देणारा कायदा शहाणपणाचा आहे, हे मत) न्यू ग्रानाडातल्या, म्हणजे आजच्या कोलंबियातल्या, घडामोडींवरच्या १८५२ च्या भाषणातलं. संदर्भ तोडला की ते जगभराचा नियम वाटतं. पण सगळं एवढ्याने सुटत नाही. त्याच दिवशीच्या 'क्वांता कुरा' या परिपत्रकातलं वाक्य खरंच अवघड आहे: सार्वजनिक शांततेपुरतंच धर्मद्रोह्यांना शिक्षेने रोखावं, हे मत तिथे धिक्कारलंय. १९६५ ची मर्यादा नुसत्या शांततेची नाही. परिच्छेद ७ मध्ये इतरांचे हक्क आणि सार्वजनिक नीतीही येते. १८६४ आणि १९६५ यांना जोडायला मला हा दुवा पुरेसा वाटतो, काही अभ्यासकांना वाटत नाही.

कायद्याचं त्या मानाने सोपं आहे. कायद्याने प्रत्येक पाप रोखू नये, मुख्यतः इतरांना इजा करणारे गंभीर दोष रोखावेत, असं संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच लिहिलंय. म्हणजे कायदा गप्प राहिला म्हणून त्याने संमती दिली असं होत नाही. उलट बाजूने, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या 'इव्हांजेलियुम व्हिते' या परिपत्रकाच्या (१९९५) परिच्छेद ७३ प्रमाणे गर्भपाताचा कायदा पूर्ण रद्द करणं शक्य नसेल, तर स्वतःचा विरोध जाहीर असलेला लोकप्रतिनिधी त्याची हानी कमी करणाऱ्या प्रस्तावाला मत देऊ शकतो. 'सगळं नाहीतर काहीच नको' म्हणणारे हा परिच्छेद वगळतात.

'दिग्नितातिस हुमाने' वाचताना क्रम बदला: आधी परिच्छेद २ आणि ७, मग १, मग १२. सुवार्तेला न शोभणारं वागणं ख्रिस्ती लोकांकडून अधूनमधून घडलं, याची कबुली परिच्छेद १२ मध्येच आहे. जमल्यास लॅटिन शेजारी ठेवा. 'इम्युनितास' (बळजबरीपासून संरक्षण) या शब्दाचा अर्थ नुसतं 'स्वातंत्र्य' असा घेतला की गोंधळ तिथूनच सुरू होतो.