पायथन स्क्रिप्टमध्ये थ्रेड १० वरून ४० केले तरी ओपनएलडॅप (लॉगिन आणि माणसांच्या नोंदी ठेवणारा डिरेक्टरी सर्व्हर) सेकंदाला १२०० सर्चच्या वर जात नाही. मोठा सर्व्हर घ्यावा का? आणि बेंचमार्कसाठी टूल कुठलं?

घेऊ नका. निदान या आकड्याच्या जिवावर तरी घेऊ नका.

तुम्ही म्हणताय १० थ्रेडला १२०० आणि ४० थ्रेडलाही १२००च. भागाकार करून बघा, १० थ्रेड असताना एका सर्चला साधारण ८.३ मिलिसेकंद लागत होते, ४० ला ३३. म्हणजे कुठेतरी कोंडी आहे आणि जास्तीचे थ्रेड नुसते रांगेत उभे आहेत, एवढंच यातून कळतं. कोंडी सर्व्हरमध्येच आहे हे कशावरून? लायब्ररी पूर्ण पायथनमध्ये लिहिलेली असेल तर उत्तरं डीकोड करायचं काम जीआयएलमुळे (पायथनच्या आतल्या कुलपामुळे) एका वेळी एकच थ्रेड करतो, मग ४० लावा नाहीतर ४०० लावा. दुसरं एक मशीन घ्या, तीच स्क्रिप्ट दोन्हीकडून एकाच वेळी चालवा. बेरीज २४०० च्या आसपास गेली तर सर्व्हर निर्दोष, तुमचा क्लायंटच दमलाय. दोन्हीकडे ६००-६०० वर आलं तर मग सर्व्हरकडे बघू. पाच मिनिटांचं काम आहे आणि लोक ते न करता कोटेशन मागवतात.

हे इतकं तावातावाने लिहितोय कारण आधीच्या नोकरीत नेमकं हेच झालं. तीनेक लाख नोंदींची डिरेक्टरी, सकाळी सगळे एकदम लॉगिन करायला लागले की लॉगिनला कधी एक सेकंद कधी चार, दिवसभर मग ठीक. बाहेरून एक सल्लागार बोलावले. त्यांनी आपल्या एका व्हीएमवरून (व्हर्च्युअल मशीनवरून) दोनशे थ्रेड सोडले, सगळे एकच यूआयडी (लॉगिनचं नाव) शोधतायत, प्रत्येक सर्चला नवीन कनेक्शन, नवीन टीएलएस (एन्क्रिप्शनचा हँडशेक), नवीन बाइंड (पासवर्ड देऊन ओळख पटवणं). आलेख सपाट झाला आणि स्लाइडवर लाल अक्षरात ‘सर्व्हर सॅच्युरेटेड’. मी मीटिंगमध्ये विचारलं की तुमच्या व्हीएमचा सीपीयू किती होता. त्यांनी बघितलाच नव्हता. मी दोन्हीकडे टॉप (सीपीयू दाखवणारी कमांड) लावून बसलो होतो, त्यांचं व्हीएम शंभर टक्क्यांवर आणि आमचा एसएलएपीडी, म्हणजे ओपनएलडॅपचा सर्व्हर प्रोग्रॅम, निवांत. नाचता येईना अंगण वाकडं. बरं, जे मोजलं ते पण सर्च नव्हतंच, हँडशेक आणि पासवर्डचा हॅश मोजला होता. एकच यूआयडी सारखा शोधला तर दुसऱ्यांदापासून सगळं मेमरीतूनच येणार, त्याला काय बेंचमार्क म्हणायचं?

मग मी सकाळचा लॉग उघडला. यूआयडीवरच्या सर्चचा ईटाइम (कामाला लागलेला वेळ) नगण्य, पण क्यूटाइम (रांगेत गेलेला वेळ) सेकंदाच्या वर. म्हणजे काम चटकन होतंय पण हातात घ्यायला थ्रेडच मोकळा नाही. मग थ्रेड गेले कुठे? तर ऑफिसच्या पोर्टलवर ‘सहकारी शोधा’ असा एक बॉक्स होता, तिसरं अक्षर टाइप केलं की तो सर्च सोडायचा, सीएनवर (पूर्ण नावावर), दोन्ही बाजूंना स्टार लावून. उत्तरात दहाबारा नोंदी आणि ईटाइम दीड सेकंद! सीएनवर सबस्ट्रिंग (नावाच्या तुकड्यावरून शोधायचा) इंडेक्स होता हो, म्हणूनच कुणाला संशय आला नाही. पण ओपनएलडॅपमध्ये मधल्या तुकड्यासाठीचा इंडेक्स डीफॉल्टने चार अक्षरांचा असतो, तीन अक्षरांना त्याचा काही उपयोग नाही, त्यामुळे तो गपचूप सगळ्या नोंदी चाळत बसतो, आणि इंडेक्स नाही अशी नेहमीची तक्रारही लॉगमध्ये येत नाही. एसएलएपीडीचे थ्रेड डीफॉल्टने १६. सकाळी वीसेक लोकांनी एकदम नावं शोधली की सोळाच्या सोळा अडकले आणि बिचारे लॉगिनवाले मागे थांबले.

उपाय म्हणजे सुरुवातीचा स्टार काढून टाकला. नावाच्या सुरुवातीवरून शोधलं तर दोन अक्षरांपासून इंडेक्स चालतो. एका ओळीचा बदल. पण तोवर नवीन सर्व्हरची ऑर्डर गेली होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच शनिवारी लाइव्ह झाल्या, माझं कोण ऐकतो! सोमवारी लॉगिन सुसाट आणि श्रेय मोठ्या मशीनला. ते सल्लागार गृहस्थ अजून हा प्रोजेक्ट स्वतःच्या यशोगाथेत सांगतात. म्हणून सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मध्ये मोजा, नाहीतर बिलं फाडणारे लोक तुमच्या दुरुस्तीवर आपलं नाव लिहून मोकळे होतात.

टूलचं विचारलंत. अनबाउंडआयडीच्या एलडॅप एसडीकेबरोबर सर्चरेट येतं, ते घ्या. थ्रेड किती, सेकंदाला किती सर्च सोडायचे, फिल्टरमधलं यूआयडी दर वेळी वेगळं, सगळं देता येतं. ३८९ डिरेक्टरी सर्व्हरवाल्यांचं एलडीसीएलटी पण चांगलं आहे, बऱ्याच मशीनवरून एकत्र मारा करायचा तर स्लॅम्ड आहे, जुनं आहे पण कल्पना बरोबर आहे. जेमीटर (लोड टेस्टिंगचं प्रसिद्ध टूल) मला आवडत नाही, तो स्वतःच इतका खातो की परत क्लायंट मोजत बसायची वेळ येते. टूल कुठलंही असो, फिल्टर मात्र स्वतःच्या लॉगमधून काढा, त्याच प्रमाणात. नव्वद टक्के यूआयडी आणि दहा टक्के स्टारवाले असतील तर तसंच मिश्रण सोडा, नुसत्या यूआयडीवर मोजलेला आकडा फक्त स्लाइडवर शोभतो. आणि सरासरी छापू नका, ९९ वा पर्सेंटाइल छापा, म्हणजे शंभरातले ९९ सर्च ज्या वेळेच्या आत झाले ती वेळ. आमच्या त्या सकाळींची सरासरी बघितली असती तर सगळं आलबेलच दिसलं असतं.

अजून एक, तुमची स्क्रिप्ट उत्तर आल्याशिवाय पुढचा सर्च सोडत नसणार. मग सर्व्हर दोन सेकंद अडकला की स्क्रिप्टही दोन सेकंद गप्प, त्या वेळात जे शंभर लोक खरे ताटकळले असते ते मोजलेच जात नाहीत. गिल टेने यांनी याला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ नाव दिलंय. म्हणून ठरावीक वेगाने सोडा आणि वेग हळूहळू वाढवत न्या.

आता पण-परंतु. पहिली फेरी फेकून द्या, एलएमडीबी (ओपनएलडॅपचा डेटाबेस) फाइल मेमरीत मॅप करतो, गार असताना, म्हणजे ती अजून मेमरीत आलेली नसताना, डिस्क मोजाल. अर्थात डेटाबेस रॅमपेक्षा मोठा असेल तर उलटं, गरम आकडाच खोटा. दोन्ही क्लायंट व्हीएम एकाच होस्टवर नकोत, नाहीतर वरची दोन मशीनवाली चाचणी काहीच सांगणार नाही. चालू सिस्टिमवर हे करू नका. अ‍ॅप खरोखरच दर वेळी नवीन बाइंड करत असेल तर त्या सल्लागारांची पद्धत तुमच्यासाठी पूर्ण चूक नाही, पण मग तक्त्यात बाइंड आणि सर्च वेगवेगळे लिहा. आणि क्यूटाइम-ईटाइम लॉगमध्ये ओपनएलडॅप २.५ पासूनच येतात, जुनं व्हर्जन असेल तर आधी अपग्रेड करा.

दोन मशीनवरचे आकडे आणि सकाळच्या गर्दीतल्या पाचपन्नास लॉगच्या ओळी इथे टाका, नावं पुसून. तोवर कोटेशन थांबवा.