अमेरिकेत रुजू होण्याआधी कपातीचे आकडे कसे वाचावेत

मिशिगनमधल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात एच-वन-बीवर (तज्ज्ञ कामासाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर) जायचंय आणि कपातीच्या बातम्या वाचून धाकधूक होतेय, तर दर महिन्याच्या आकड्यांतून काही कळतं का, असं तुम्ही विचारलंय. कळतं, पण कुठला आकडा काय मोजतो हे आधी समजून घ्या.

बातम्यांत झळकतो तो बहुतेक वेळा चॅलेंजर, ग्रे अँड ख्रिसमस या अमेरिकी खासगी कंपनीचा मासिक अहवाल. त्यात फक्त जाहीर झालेली कपात असते. प्रत्यक्षात ती टप्प्याटप्प्याने होते, कधी होतच नाही. सरकारचा ‘जोल्ट्स’ अहवाल झालेली कपात मोजतो, पण महिनाभर उशिरा येतो आणि त्यात कंपन्यांची नावं नसतात. मोसमी चढउतार वजा केलेलेच आकडे बघा. नाहीतर सणासुदीची हंगामी माणसं जानेवारीत कमी झाली की मंदी आल्यासारखं वाटतं. वाहन उद्योगात जुलैमध्येही मॉडेल बदलासाठी कारखाने थांबतात; ती माणसं परत कामावर येतात.

तुमच्या खऱ्या उपयोगाची म्हणजे राज्यांची ‘वॉर्न’ यादी, म्हणजे ‘वॉर्न’ कायद्याखाली कंपन्यांनी कपातीआधी दिलेल्या नोटिसांची यादी. १९८८च्या या कायद्याने १०० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीला ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. एका ठिकाणी ३० दिवसांत कारखाना किंवा विभाग बंद होऊन किमान ५० जणांची नोकरी जाणार असेल, किंवा नुसत्या कपातीत ५०० जण जाणार असतील, तर ती लागू होते. कपात ५० ते ४९९ जणांची असेल तर ती तिथल्या मनुष्यबळाच्या किमान ३३ टक्के हवी. न्यूयॉर्क, न्यू जर्सीत मुदत ९० दिवसांची आहे.

शेवटच्या बारा महिन्यांची यादी एक्सेलमध्ये घ्या आणि नोटिशीची तारीख नव्हे, अंमलाची तारीख धरून महिनावार माणसं मोजा. नोटिसा मोजून उपयोग नाही. दुरुस्त नोटिसांमुळे तीच माणसं दोनदा येतात, त्या गाळा. कारखाना बंद होणं, कायमची कपात आणि तात्पुरती कपात वेगळी ठेवा. कँटीन किंवा गोदामाचं कंत्राट दुसऱ्याकडे गेलं तरी नोटीस निघते. त्यातली बरीच माणसं नव्या कंत्राटदाराकडे जातात. तुमच्या कंपनीइतकंच तिच्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे लक्ष द्या, कारण असेंब्ली प्लांटची एक शिफ्ट बंद झाली की झळ पुरवठादाराला लगेच बसते.

यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नका. दहा शहरांत चाळीस-चाळीस जणांना काढलं तर केंद्राच्या कायद्याने नोटीस लागतेच असं नाही. शिवाय गेल्या बारा महिन्यांत सहापेक्षा कमी महिने काम केलेले कर्मचारी या मोजणीत धरत नाहीत, म्हणजे सुरुवातीला तुम्हीही नाही.

आता व्हिसा. नोकरी संपल्यावर कमाल ६० दिवस मिळतात. आय-९४ (अमेरिकेत राहण्याची मुदत दाखवणारी नोंद) आधी संपत असेल तर तेवढेच. त्या आत तुमच्यासाठी नव्या मालकाची एच-वन-बी याचिका दाखल व्हायला हवी. त्यासाठी एच-वन-बीच्या सोडतीत पुन्हा उतरावं लागत नाही. नंतर एकरकमी भरपाई मिळाली म्हणून मुदत वाढत नाही, त्यामुळे कामाची शेवटची तारीख लेखी घ्या. एच-वन-बीवर राहण्याची मंजूर मुदत संपण्याआधी काढलं तर परतीचं वाजवी भाडं कंपनीने द्यायचं असतं, पण फक्त तुमचं, कुटुंबाचं नाही.

ग्रीन कार्डाचा विचार असेल तर यादी आणखी एका कारणासाठी बघा. त्याच भागात, त्याच किंवा संबंधित कामातल्या माणसांना मालकाने गेल्या सहा महिन्यांत काढलं असेल, तर ‘पर्म’ अर्जाआधी (ग्रीन कार्डासाठी मालकाने कामगार खात्याकडे करायचा अर्ज) त्यांना कळवून त्यांचा विचार करावा लागतो. अशा वेळी बऱ्याच कंपन्या अर्जच थांबवतात. म्हणून ‘पर्म’ कधी सुरू करणार, हे ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला ईमेलवर विचारा.