वाचक विचारतात : जिल्ह्यातले किती रोजगार एआयच्या टप्प्यात?

प्रश्न : विद्यार्थ्यांना सातारा जिल्ह्यातले किती रोजगार एआयच्या टप्प्यात येतात (म्हणजे ज्यांतली कामं एआय करू किंवा बदलू शकेल), याचा प्रकल्प द्यायचा आहे. बातम्यांत 40 टक्के, 60 टक्के असे आकडे दिसतात. ते वापरावेत का? (अर्थशास्त्राचे प्राध्यापक, सातारा)

उत्तर : ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे, जानेवारी 2024 चे अंदाज आहेत : जगासाठी 40, प्रगत देशांसाठी 60. शेती आणि बांधकामावर जगणाऱ्या जिल्ह्याला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

केंद्राच्या आवर्ती श्रमबल सर्वेक्षणाची (पीएलएफएस) कच्ची माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळते. त्यात प्रत्येकाचा व्यवसाय 'एनसीओ 2015' या व्यवसायांच्या राष्ट्रीय वर्गीकरणाच्या तीन अंकी संकेतांकात असतो. त्यातलं किती काम एआय उचलू शकेल त्यानुसार प्रत्येक संकेतांकाला 0 ते 1 गुण द्या आणि कामगारांच्या संख्येनुसार सरासरी काढा. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथे : नुसत्या ओळी मोजतात, मल्टिप्लायर (एक ओळ प्रत्यक्षात किती माणसांची, तो आकडा) लावायचा राहतो आणि सगळं गणित फसतं. शिवाय एका जिल्ह्यात कारकुनांच्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच सापडतील. दोन-तीन वर्षांची माहिती एकत्र करा, नाहीतर शेजारचे जिल्हे जोडून घ्या.

आता समजा 1000 कामगार आहेत (आकडे केवळ उदाहरणासाठी). शेतीत 450, गुण 0.10, कारखाने-बांधकामात 330, गुण 0.15, दुकानं-सेवांत 140, गुण 0.30, शिक्षक व इतर व्यावसायिक 50, गुण 0.50, कारकून 30, गुण 0.70. सरासरी येते 0.18. पण '0.5 किंवा जास्त गुण म्हणजे टप्प्यात' असं ठरवलंत तर उत्तर 8 टक्के, आणि रेषा 0.3 वर आणलीत तर 22 टक्के. माहिती तीच! म्हणून रेषा कुठे ओढली हे न सांगणारा आकडा आम्ही तरी धरत नाही.

गुण कुठून आणायचे, हा खरा अवघड भाग. बरेच तयार निर्देशांक अमेरिकी व्यवसायांच्या कामांच्या यादीवर बेतलेले आहेत. आपल्याकडे तालुक्याच्या गावातला हिशेबनीस व्हाउचर लिहितो, बँकेत भरणा करतो आणि उधारी वसूल करायलाही जातो. संगणक यातलं पहिलंच काम उचलेल. विद्यार्थ्यांना दहा-बारा हिशेबनिसांकडे पाठवा, आठवड्यातले तास कामागणिक लिहून आणू द्या आणि त्यावरून गुण सुधारा.

आणखी एक : हे सर्वेक्षण माणूस राहतो तिथे मोजतं. हिंजवडीत नोकरी करून तिथेच राहणारी साताऱ्याची मुलं पुण्याच्या खात्यात जातात, त्यांच्या पैशावर चालणारी गावाकडची घरं मात्र तुमच्या आकड्यात दिसणार नाहीत.

प्रश्न : मुलगी बी.कॉम. करून टॅली शिकते आहे. एंट्रीची कामं राहतील का? (एक पालक, बार्शी)

उत्तर : नुसत्या एंट्रीची कमी होतील. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2023 च्या अभ्यासात सर्वाधिक झळ कारकुनी कामांनाच होती : 24 टक्के कामं तीव्र, 58 टक्के मध्यम टप्प्यात. तिला जुळवणी शिकवा, म्हणजे आपली खरेदीची बिलं जीएसटीच्या नोंदींशी ताडून पाहणं. पुरवठादाराने 11 तारखेपर्यंत मासिक जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) भरला नाही, तर त्याचं बिल 14 तारखेच्या जीएसटीआर-2बी मध्ये (खरेदीदारासाठी आपोआप तयार होणाऱ्या यादीत) येत नाही आणि खरेदीवर दिलेल्या कराची त्या महिन्याची वजावट अडकते. 'जुळत नाही' एवढं सॉफ्टवेअर सांगतं. पुरवठादाराला फोन करून पाठपुरावा करणं, ही वजावट जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)मुळे (काही खरेदींवर वजावट नाकारणारं कलम) मुळातच बाद आहे का हे पाहणं, हे माणसाकडे राहतं. पुसट बिलावरचा जीएसटी क्रमांक चुकीचा वाचला गेला तर पंधरावं, तपासणीचं अक्षर बहुतेक वेळा चूक पकडून देतं. रकमेला तशी सोय नाही. म्हणून करपात्र रक्कम अधिक कर बरोबर एकूण, हा ताळा प्रत्येक बिलावर घेण्याची सवय तिला आत्ताच लावा.