अमेरिकेत कोटीभर, मग आपल्याला साडेतीन लाखच का?

प्रश्न: ताई, मी पुण्यात फ्रेशर आहे, ऑफर 3.5 लाखाची आलीय, आणि तिकडे सॉफ्टवेअर डेव्हलपर वर्षाला कोटीभर कमावतात म्हणे. खरंय का? आणि शिकू काय, पायथन की जावास्क्रिप्ट?

उत्तर: खरं आहे रे, पण अर्धंच. अमेरिकन सरकारच्या 2023 च्या आकड्यात सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मध्यम पगार वर्षाला 1,32,270 डॉलर होता, म्हणजे रुपयांत कोटीच्या वर, पण मध्यम म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि त्यात पंधरा-वीस वर्षं घासलेले लोकही आले, शिवाय तिकडचं घरभाडं, टॅक्स, मुलांचं पाळणाघर हे सगळं डॉलरमध्येच जातं ना. तरी फरक मोठा आहे, आणि आपल्याकडे फ्रेशरचा आकडा वर्षानुवर्षं तिथेच अडकलाय याचा मला खरंच राग येतो.

प्रोग्रामिंगच्या भाषेचं म्हणशील तर स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटच्या 2024 च्या सर्व्हेत 65 हजारांवर डेव्हलपर होते, त्यात 62 टक्के जावास्क्रिप्टवाले, पायथन आणि एसक्यूएल (डेटाबेसमधली माहिती काढायची भाषा) दोन्ही 51 च्या आसपास. कुठलीही एक धर पण एसक्यूएल सोडू नकोस, आणि दुसऱ्याचा जुना कोड वाचून त्यातला बग शोधायची सवय लाव, नोकरीत दिवसातले बरेच तास त्यातच जातात. ऑफर घ्यायच्या आधी बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा ते मात्र नीट वाच.