गोळ्यांच्या वेळा आणि मोठ्यांच्या लसी : वाचकांचे प्रश्न

थायरॉइडच्या गोळीचा आणि काविळीच्या लसीचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी या वेळच्या पत्रांत दोन्हींबद्दल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली आहे : मध्ये अंतर किती ठेवायचं? प्रश्न साधा आहे, पण तो सहसा दुकानाच्या काउंटरवर विचारायचा राहून जातो. म्हणून या वेळी उत्तरं जरा सविस्तर देत आहोत.

प्रश्न : मी थायरॉइडची १०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज न चुकता घेते. तरी या वेळी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी; औषध कमी पडलं की हा आकडा वाढतो) १४ आला. डॉक्टर डोस वाढवणार आहेत. गोळ्यांचा लॉट खराब निघाला असेल का? विसरायला नको म्हणून सकाळी उठल्यावर थायरॉइडची, कॅल्शियमची आणि गॅसची गोळी एकदमच घेते.

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. संशय आधी लॉटवर घेण्यापेक्षा कॅल्शियमवर घ्या. पोटात कॅल्शियम लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे तुमच्या थायरॉइडच्या औषधाला, चिकटतं. मग गोळीचा काही भाग शोषला न जाता शौचावाटे निघून जातो. गोळी रोज घेतली जाते, पण रक्तात पुरेशी पोचत नाही. लोह, मल्टिव्हिटामिन आणि ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली ॲसिडिटीची पातळ औषधंही हेच करतात. या सगळ्यांमध्ये आणि थायरॉइडच्या गोळीमध्ये ४ तासांचं अंतर हवं.

वेळापत्रक असं करून पाहा. सहा वाजता थायरॉइडची गोळी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. गॅसची गोळी पँटोप्राझोलसारखी असेल तर ती साडेसहाला. चहा, कॉफी, दूध, न्याहारी सगळं सातनंतर. कॉफीनेही ही गोळी कमी शोषली जाते, त्यामुळे "नुसती कॉफीच तर घेतली" हे चालत नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. सकाळी हे जमणारच नसेल तर थायरॉइडची गोळी रात्री झोपताना घेता येते, मात्र शेवटच्या खाण्याला किमान ३ तास झालेले असावेत आणि कॅल्शियम त्याच्या जवळपास नसावं. एक वेळ ठरली की तीच पाळा.

गॅसच्या गोळीची अडचण वेगळी आहे. ती दिवसभर आम्ल कमी ठेवते आणि थायरॉइडची गोळी नीट विरघळायला आम्ल लागतं. त्यामुळे इथे वेळ बदलून फारसा फरक पडत नाही. ही गोळी अजून लागते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. ती महिनोन्‌महिने केवळ सवयीने चालू राहिलेली पुष्कळदा दिसते. कॅल्शियमच्या पाकिटावरही एकदा नजर टाका. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर त्यालाही आम्ल आणि जेवण लागतं. सायट्रेट असेल तर ते आम्लावर तितकं अवलंबून नसतं.

आता कळकळीने सांगायची गोष्ट : वाढवलेला डोस सुरू करण्याआधी हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. डोसही वाढवला आणि त्याच आठवड्यात कॅल्शियमही दूर केलं, तर अचानक जास्त औषध रक्तात जाईल. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं हे त्याचे परिणाम. साठीच्या पुढे किंवा हृदयविकार असेल तर ते धोक्याचं ठरतं. वेळा बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी तपासा. या औषधाची रक्तातली पातळी निम्मी व्हायला सुमारे एक आठवडा लागतो, त्यामुळे पंधरा दिवसांत केलेली तपासणी दिशाभूल करते. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर प्रयोगशाळेत तसं सांगा. तपासणीच्या काही पद्धतींमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो.

प्रश्न : ताप आणि सर्दीसाठी यजमान ६५० ची तापाची गोळी दिवसातून चार वेळा आणि सर्दीची गोळी तीन वेळा घेत आहेत. दोन्ही साध्याच गोळ्या आहेत ना? त्यांना रक्तदाब आहे.

उत्तर : दोन्ही पाकिटं शेजारी ठेवा आणि मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम असेल. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही तेच असतं, अनेकदा ५०० मिलिग्रॅम. आता बेरीज करा : ६५० चोक २६००, ५०० त्रिक १५००, एकूण ४१००. निरोगी प्रौढासाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज मद्य घेतलं जात असेल तर ती आणखी खाली येते.

यकृतात पॅरासिटामॉलचा थोडा भाग विषारी घटकात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला निकामी करतं. मात्रा वाढली किंवा तापात दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, की हे द्रव्य अपुरं पडतं. पहिल्या दिवशी फार तर मळमळ होते, म्हणून माणूस गाफील राहतो. मर्यादेच्या बरंच वर औषध गेल्याचं लक्षात आलं तर त्रास व्हायची वाट न पाहता रुग्णालय गाठा. ॲसिटिलसिस्टिन हा उतारा पहिल्या ८ तासांत सगळ्यात चांगलं काम करतो.

सर्दीच्या गोळीत फिनायलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असेल तर ते रक्तदाब वाढवतं. क्लोरफेनिरामिन असेल तर झोप येते, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. तापाला नुसतं पॅरासिटामॉल, दोन गोळ्यांमध्ये ६ तास, आणि नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब. यजमानांसाठी एवढं पुरे. ताप तीन दिवसांपुढे गेला तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : गोळी घ्यायची राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या का?

उत्तर : नाही. आठवण झाली तेव्हा घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दिवसातून एकदाच्या गोळीला साधारण १२ तासांपर्यंत उशीर झाला तर ती घेता येते. मात्र काही औषधांचे नियम वेगळे आहेत. मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड ही गोळी जेवण टळलं तर घेऊ नये, साखर एकदम खाली येते. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर आदल्या दिवसाची गोळी सोडा, तारीख वहीत लिहा आणि पुढच्या आयएनआर तपासणीच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या) वेळी सांगा.

संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते रोज घेतलं गेल्याने माणसं दगावली आहेत. घरात हे औषध असेल तर पाकिटावर वार मोठ्या अक्षरांत लिहा, "गुरुवारी", आणि ते रोजच्या डबीत भरू नका. ठरलेला वार चुकला आणि दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्यावं. त्यापेक्षा उशीर झाला तर तो आठवडा सोडून पुढच्या ठरलेल्या वारी घ्यावं.

प्रश्न : सासूबाईंना गोळ्या गिळता येत नाहीत म्हणून सगळ्या कुटून पाण्यातून देते. चालेल ना?

उत्तर : सगळ्या नाही. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर यांपैकी अक्षरं असतील तर ती गोळी औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की बारा किंवा चोवीस तासांचं औषध एकदम पोटात उतरतं. रक्तदाबाच्या गोळीने भोवळ येऊन पडणं हे याचं नेहमीचं उदाहरण. पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांवर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं. ते फोडलं तर औषध पोटातच निकामी होतं. मधोमध रेघ असलेली गोळी बहुधा अर्धी करता येते, पण "अर्धी होते म्हणजे कुटताही येते" असं समजू नका. सगळी पाकिटं घेऊन फार्मासिस्टकडे जा. बऱ्याच औषधांचं सिरप किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते. (हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचातून जसंच्या तसं पडतं. औषध आधीच शोषलेलं असतं, घाबरू नका.)

गिळायची पद्धत बदलूनही पाहा. कॅप्सूल पाण्यावर तरंगते, त्यामुळे मान मागे टाकली की ती दातांकडेच राहते. कॅप्सूल जिभेवर ठेवून पाण्याचा घोट घ्या, हनुवटी छातीकडे झुकवा आणि मग गिळा. पण ठसका लागत असेल, अन्नही अडकत असेल किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर हे प्रयोग घरी नकोत, आधी डॉक्टरांकडून गिळण्याची तपासणी करून घ्या.

प्रश्न : डोळ्यांचे दोन वेगवेगळे थेंब लागोपाठ टाकले तर?

उत्तर : दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. मध्ये ५ मिनिटं थांबा, मलम असेल तर ते शेवटी. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. बहुतेक बाटल्या ४ आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात, आत कितीही औषध शिल्लक असलं तरी.

प्रश्न : माझं वय ६७, मधुमेह आहे. लसी लहानपणीच्या, असं समजत होतो. आता कोणत्या घ्याव्यात आणि सगळ्या एकाच दिवशी घेता येतील का?

उत्तर : तुमच्या देशाचं वेळापत्रक डॉक्टर सांगतील, पण तुमच्या वयाला आणि मधुमेहाला चार लसींचा विचार व्हायलाच हवा.

पहिली फ्लूची, दरवर्षी. विषाणू बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धांसाठी वेगवेगळी, लसीतल्या प्रकारांची शिफारस करते. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा साथीच्या हंगामाआधी घ्या. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे "लसीनेच फ्लू झाला" असं होत नाही.

दुसरी न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची. इथे गोंधळ होतो तो नावांचा : पीसीव्ही आणि पीपीएसव्ही हे या लसीचे दोन प्रकार, आणि पुढचा आकडा ती जिवाणूच्या किती उपप्रकारांवर चालते त्याचा. पीसीव्ही २० घेतली तर एक मात्रा पुरते. पीसीव्ही १५ घेतली तर साधारण वर्षभराने पीपीएसव्ही २३ घ्यायची. पूर्वी फक्त पीपीएसव्ही २३ घेतली असेल तर किमान वर्षाने पीसीव्ही. "न्यूमोनियाची लस झाली आहे" एवढ्यावर पुढचं काही ठरवता येत नाही, कोणती झाली तो आकडा लागतो.

तिसरी नागिणीची. कांजिण्यांचा विषाणू चेतातंतूंच्या गाठींमध्ये आयुष्यभर दडून असतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर येतो. पुरळ बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने आग होत राहते, ती खरी छळते. पन्नाशीनंतर रिकॉम्बिनंट (विषाणूचा फक्त एक प्रथिन-भाग असलेल्या) लसीच्या दोन मात्रा, मध्ये २ ते ६ महिने. नागीण होऊन गेली असली तरी बरं झाल्यावर ही लस घ्यायची असते. दंड दुखणं, अंग मोडून येणं, ताप हे इतर लसींपेक्षा जास्त होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. त्या त्रासाला भिऊन दुसरी मात्रा सोडू नका.

चौथी धनुर्वात आणि घटसर्पाची, दर १० वर्षांनी. त्यातली एक मात्रा डांग्या खोकल्यासह असलेली घ्यावी, घरात तान्हं बाळ येणार असेल तर नक्कीच.

या चारही निर्जीव लसी आहेत. एका दिवशी वेगवेगळ्या जागी देता येतात, किंवा हव्या तितक्या अंतराने. आमचा सल्ला मात्र असा की नागिणीची लस वेगळ्या दिवशी घ्या, म्हणजे ताप कशाने आला हे कळतं. जिवंत (म्हणजे अशक्त केलेला जिवंत जंतू असलेल्या) लसींचा नियम निराळा : दोन जिवंत लसी एक तर त्याच दिवशी, नाहीतर ४ आठवड्यांनी. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा त्याहून अधिक चालू असेल तर जिवंत लस घेऊ नये. लस टोचल्यावर १५ मिनिटं तिथेच बसा. भोवळ किंवा तीव्र ॲलर्जी आलीच तर बहुधा त्या वेळात येते.

प्रश्न : बाबा वॉरफॅरिन घेतात. दंडात लस टोचली तर रक्त थांबेल का?

उत्तर : आयएनआर ठरलेल्या मर्यादेत असेल तर टोचता येते. गोळी बंद करू नका. टोचणाऱ्यांना आधीच सांगा, म्हणजे ते बारीक सुई वापरतील. नंतर जागा २ मिनिटं घट्ट दाबून धरा, चोळू नका.

प्रश्न : जरा खरचटलं की धनुर्वाताचं इंजेक्शन घेतो. बरोबर आहे ना?

उत्तर : मूळ तीन मात्रा झाल्या असतील तर स्वच्छ, छोट्या जखमेला शेवटच्या मात्रेपासून १० वर्षं झाल्यावरच गरज असते. माती किंवा शेण लागलेली, खोल जखम असेल तर ५ वर्षं झाली असतील तरच. त्यापेक्षा वारंवार घेतलं तर दंड कोपरापर्यंत सुजू शकतो. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुणं मात्र प्रत्येक वेळी.

प्रश्न : मी रुग्णालयात काम करते. हिपॅटायटिस बी ची, म्हणजे काविळीच्या लसीची, पहिली मात्रा तीन वर्षांपूर्वी घेतली आणि पुढच्या राहिल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू का?

उत्तर : नको. घेतलेली मात्रा वाया जात नाही. नेहमीचा क्रम ०, १ आणि ६ महिने असा असतो, पण अंतर वाढलं म्हणून मालिका नव्याने सुरू करत नाहीत. दुसरी आता घ्या, तिसरी त्यानंतर किमान ८ आठवड्यांनी. तुमच्या कामात सुई टोचण्याचा धोका आहे, म्हणून तिसरीनंतर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं) तपासून घ्या. १० किंवा त्याहून जास्त आलं की संरक्षण तयार झालं. कमी आलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा मात्रा घ्याव्या लागतील. पहिल्या मात्रेची पावती सापडत असेल तर तिच्यावरची तारीख, लसीचं नाव आणि बॅच क्रमांक यांचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई दोन-तीन वर्षांत उडते.