स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. मग पक्षी पंख वर कसा उचलतो?

तुमचा प्रश्न असा की पंख खाली मारायला छातीचं मांस आहे हे कळलं, पण वर न्यायला काय? पाठीवर तर जवळजवळ मांसच नाही. शंका रास्त आहे. मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, आणि हा प्रश्न दरवर्षी एखादाच मुलगा विचारायचा.

स्नायू ढकलत नाही हे खरंच. दंडाची बेटकुळी काढलीत की पुढचा स्नायू आखडून कोपर वाकवतो. हात सरळ करायचा तर तो स्वतः काही करू शकत नाही, मागचा स्नायू ओढतो तेव्हा पुढचा ताणला जातो. कासऱ्यासारखंच आहे हे. बैल डावीकडे वळवायचा तर डावा कासरा ओढायचा, उजवीकडे तर उजवा. कासऱ्याने बैल ढकललेला मी तरी पाहिला नाही.

या हिशेबाने पंख उचलणारा स्नायू पाठीवर हवा. पण तो छातीतच आहे! कोंबडीच्या छातीचा मोठा तुकडा सोडवलात की त्याखाली, हाडाला लागून, एक लांबट, निमुळता तुकडा मिळतो. त्यात एक पांढरी चिवट पट्टी असते, जी आपण कंटाळून काढून टाकतो. ती पट्टी म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. खांद्याशी तीन हाडं मिळून एक भोक तयार होतं, त्यातून ती वर जाते आणि वळसा घेऊन पंखाच्या हाडाला वरच्या बाजूने चिकटते. विहिरीवरची कप्पी डोळ्यांपुढे आणा: दोर खाली ओढायचा, बादली वर येते. वजनदार मांस सगळं खाली राहतं, त्यामुळे उडताना तोलही सांभाळला जातो.

घरी ओट्यावर मी हे करून पाहिलंय. अख्खी ताजी कोंबडी घेऊन वरचा थर बाजूला केला आणि तो आतला तुकडा चिमटीत धरून ओढला, तर पंख उचलला गेला. सौ. म्हणाल्या, आता हिला उडवून झालं असेल तर मसाला लावा.

आता आखडतो म्हणजे नेमकं काय होतं? स्नायूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत घुसलेले असतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. मायोसिनला बारीक डोकी असतात. ती ॲक्टिनला पकडतात, खेचतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात. रस्सीखेचीत आपण हात बदलत दोर ओढतो तसंच. हे सरकणं 1954 साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडलं, आणि दोन्हीत हक्सले आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ होता, एकमेकांच्या नात्यात नसलेला. मला यातली आवडती गोष्ट म्हणजे एटीपी हे इंधन पकड सोडायलाही लागतं. प्राणी मेला की एटीपी संपतं, डोकी धरून बसतात आणि शरीर ताठ होतं. पुढे काही तासांनी प्रथिनंच तुटू लागतात तेव्हा ते सैल पडतं.

अर्थात जोडीदार स्नायू प्रत्येक सांध्याला असतोच असं नाही. कोळ्याच्या पायातल्या काही मोठ्या सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीतच. तिथे तो शरीरातला द्रव दाबाने पायात सोडतो आणि पाय ताठ होतो. मेल्यावर दाब जातो, म्हणून कोपऱ्यात मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन पडलेला दिसतो. आपली जीभ आणखी वेगळी. तिच्यात हाड नाही, पण मांस दाबून त्याचं आकारमान कमी होत नाही. आडवे स्नायू आवळले की ती लांब होते आणि बाहेर येते. तिथेही स्नायू ओढतोच आहे, ढकलल्यासारखं फक्त दिसतं.

कोंबडीचा प्रयोग करणार असाल तर चिकनवाल्याला आधीच बजावा: पंख तोडायचे नाहीत, तुकडे करायचे नाहीत. माझ्या पहिल्या खेपेला मी गप्प उभा राहिलो आणि त्याने सवयीने अर्ध्या मिनिटात रश्श्याचे तुकडे करून पिशवीत भरून दिले.